इंदुरास झोपायला गेलो, त्याची हकिकत

इंदूर बघायला मी गेलोच नव्हतो. मी तिथं झोपायला गेलो होतो.

हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर शेवटी तुम्ही म्हणाल, या गृहस्थानं राजवाडा पाहिला नाही, होळकरांच्या समाधीच्या छत्र्या पाहिल्या नाहीत, मग हा गेला कशाला? भाऊबीज आटोपून मी साताऱ्याहून निघालो होतो. दिल्ली झाली, आग्रा झालं, जयपूर झालं, अजमेर झालं. मी शाळेत भूगोल शिकवतो, आणि दरवर्षी नकाशाचा एखादा तुकडा पायांनी तुडवून आल्याशिवाय मला फळ्यासमोर उभं राहवत नाही, असं मी हेडमास्तरांना सांगतो. बायकोलाही सांगून पाहिलं होतं. ती फक्त हसली.

अजमेरहून छोट्या लायनीच्या गाडीत बसलो तेव्हा माझी अवस्था धोब्यानं आपटून, पिळून, वाळत घालायला विसरलेल्या धोतरासारखी होती. धर्मशाळेतल्या ढेकणांनी माझ्या पाठीवर राजस्थानचा नकाशा काढला होता. रतलामच्या फलाटावर घेतलेल्या पुऱ्या पोटात जाऊन बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. डोक्यात एकच विचार होता. इंदुरात बायकोची आतेबहीण मालूताई राहते. तिच्या घरी खाट असेल, खाटेवर गादी असेल. त्या गादीवर मी आडवा होईन आणि परतीच्या गाडीच्या वेळेला उठवा म्हणून सांगेन.

मंगळवार

रामबागेतल्या त्या गल्लीत टांगा शिरला तेव्हा सकाळचं ऊन नुकतं ओसरीवर आलं होतं. मालूताईंचे यजमान माधवराव दारातच उभे होते. उंच, सडपातळ, डोक्याला काळी टोपी. त्यांच्या आजोबांपासून घराणं होळकर सरकारच्या चाकरीत. माधवराव स्वतः जकातीच्या खात्यात होते. संस्थान गेलं, मध्यभारत आला, तोही गेला आणि आता हा नवा मध्यप्रदेश झाला. त्यांच्या राज्याचं नाव असं बदलत गेलं, पण ते स्वतः त्याच खुर्चीवर बसून राहिले आणि तिथूनच पेन्शनीत निघाले. महेश्वर नि रामपुऱ्यापलीकडे आपण कधी मुक्काम केला नाही, हे त्यांनी मला टांग्यातून उतरायच्या आत सांगितलं.

मी खाट कुठं आहे ते नजरेनं हेरत होतो. एवढ्यात माझ्या हातात बशी आली. बशीत पोहे.

पोहे म्हटल्यावर सातारकराच्या डोळ्यांसमोर मिरची, शेंगदाणे आणि खोबरं येतं. हे पोहे वाफेवर फुललेले, बडीशेपेच्या वासाचे, जरासे गोड, आणि त्यांच्यावर शेवेचा असा ढीग की खाली पोहे आहेत हे सांगोवांगी मानायचं. शेजारी जिलबी. सकाळच्या पारी, तोंड धुवून धड वाळलं नाही तोवर जिलबी. मी बायकोची शपथ घेऊन सांगतो, पहिला घास घेतला आणि रतलामच्या पुऱ्या आपणहून उठून निघून गेल्या.

"मास्तरजी, अजून घेऊन घ्या नं," मालूताई म्हणाली. "मावशींकडे जायचंय नंतर. तिथं तर पुन्हा खावंच लागेल."

कोण मावशी, आणि मी का जायचं? तेव्हा मला गल्लीचा कायदा कळला. इंदुरातल्या या गल्लीत पाहुणा एका घराचा नसतो. तो उतरतो एका घरी, पण मालकी सगळ्या गल्लीची. प्रत्येक घरानं त्याला एकदा नाश्त्याला बोलवायचं, आणि त्यानं प्रत्येक घरी आपल्या प्रवासाची हकिकत सांगायची. नंबर लावायचं काम कोपऱ्यावरच्या बक्षीमावशींचं. त्या विधवा, सत्तरीच्या पुढच्या, आणि गल्लीत त्यांच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही. पाहुण्याला एकटं सोडायचं नाही, म्हणून यजमान प्रत्येक घरी बरोबर येणार. आणि घरची मुलगी येणार, कारण ज्या घरी आपण खायचं त्या घरी रिकाम्या हातांनी जायचं नाही. मालूताईंची कुमुद हातात डबा घेऊन तयारच होती. बावीस-तेवीसची, बी. ए. झालेली, अंगानं बारीक आणि डोळ्यांनी फार हुशार.

साताऱ्यात आम्ही पाहुण्याला विचारतो, "जेवून आला असालच?" आणि पाण्याचा तांब्या पुढे करतो. पाहुणा समजतो. इथं असं समजून घेणारा पाहुणा जिवंत राहत नाही.

गाडीतल्या रात्रीच्या जागरणानं माझे डोळे आत गेले होते. तरी बक्षीमावशींच्या ओसरीवर दहाबारा माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसलेली पाहिली, आणि काय सांगू, माझ्या अंगात संचारलं. माणूस कितीही थकलेला असो, समोर श्रोते असले की त्याच्या पाठीचा कणा आपोआप ताठ होतो. निदान माझा होतो.

मी नीमचची हकिकत सांगितली. ती खरी अशी: नीमचच्या फलाटावर मी सुरई भरून घ्यायला उतरलो, गाडी सुटली, मी धावलो आणि शेवटच्या गार्डाच्या डब्यात चढलो. गार्ड भला माणूस. पुढच्या स्टेशनापर्यंत त्यानं मला पेरूच्या करंडीवर बसवलं, आणि वर एक पेरूही दिला. झालं. एवढंच.

एवढंच सांगून गल्लीतली सात घरं कशी निघणार? बक्षीमावशींकडे मी गार्डाच्या डब्याचा दांडा धरून थोडा लोंबकळलो. मावशींनी छातीवर हात ठेवला. सगळी गल्ली पुढे सरकली. माधवराव भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान हलवली आणि बाजूला वळून हलकेच म्हणाले, "ऐकलंस, कुमुद?"

मला वाटलं, वा, काय रसिक माणूस.

बुधवार

दुपारी झोपेन म्हटलं तर दुपारचं घर लागलं. संध्याकाळी पडेन म्हटलं तर संध्याकाळचं. गराडू नावाचा एक कंद असतो. तो तुपात तळून, वर मसाला नि लिंबू घालून इतका गरम देतात की माणूस नाचत खातो. मी एका घरी असा नाचलो आणि नाचता नाचता दांड्यावरून एक हात सुटला. म्हणजे हकिकतीत. पुढच्या घरी बाहेर अंधार पडला, शेजारच्या डब्यातून दाढीवाला इसम माझ्या खिशाकडे बघत होता, आणि पेरूच्या करंड्या जाऊन बकऱ्यांचा डबा आला.

चौथं घर कापडवाल्या कन्हैयालालजींचं. हे मालवी गृहस्थ, पण गल्लीत तीस वर्षं राहून त्यांना मराठी सगळं समजतं. बोलतात मात्र आपलंच. त्यांच्या गादीवर टेकून मी जेव्हा बकऱ्यांमध्ये पडलो, तेव्हा ते म्हणाले, "अरे भिया, फिर? जान कैसे बची?" आता असा प्रश्न आला की थकलेल्या माणसानं काय करावं? मी आणखी पाऊण तास जीव वाचवत बसलो.

प्रत्येक घरी हकिकत संपली की माधवराव तेच म्हणत. "ऐकलंस, कुमुद?" आणि कुमुद प्रत्येक वेळी डब्याचं झाकण लावत म्हणे, "ऐकलं, बाबा."

त्या दिवशी परतताना मी माधवरावांना सहज विचारलं, तुम्हाला प्रवासाची एवढी आवड, मग कधी निघाला का नाहीत? ते म्हणाले, आवड ऐकायची आहे. मग कुठं चांगलं पाणी मिळतं, बायकांच्या डब्याला आतून कडी असते का, बारक्या स्टेशनांवर रात्री दिवा असतो का, असं बारीकसारीक विचारत राहिले. मी काही खरं सांगितलं, काही रंगवून. माझे पाय आता माझे राहिले नव्हते. ते गल्लीच्या मालकीचे झाले होते.

गुरुवार

सकाळी गच्चीवर कुमुदनं चहा आणून दिला. कप ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"काका, एक सांगू? आज दांडा जरा दोन्ही हातांनी धरा."

मी हसलो. ती हसली नाही. मग तिनं सगळं सांगून टाकलं. तिला सरकारी शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली आहे, पण ती रायपूरला. पूर्वी इंदूरच्या मुलीला सरकारी नोकरी लागली असती तर ती होळकरांच्या हद्दीतच. आता राज्य मोठं झालं आणि रायपूरही आपलंच झालं. खांडव्याला गाडी बदलायची, इटारसीला बदलायची, नागपूरला बदलायची, की आलं आपलंच रायपूर. सोमवारपर्यंत होकार पोचला नाही तर जागा दुसरीला जाणार. बाबा हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.

"तुम्ही आल्यापासून तर काहीच बोलत नाहीत. फक्त तुम्हाला ऐकतात. काल रात्री आईला म्हणाले, मास्तरजींसारखा पुरुषमाणूस बकऱ्यांत पडतो, मग हिचं काय होईल."

चहा माझ्या हातात निवत राहिला. दोन दिवस मी ज्या टाळ्या घेत होतो, त्यातली प्रत्येक टाळी या पोरीच्या पायात बेडी घालत होती. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस. आज बघ मी काय करतो.

पाचवं घर. ओसरी भरलेली. मी खाकरलो आणि सुरुवात केली. आपल्या देशातला रेल्वेप्रवास किती सुखाचा झाला आहे. डबे किती स्वच्छ. नीमचला गाडी सुटली, पण गार्डानं ती माझ्यासाठी जवळजवळ थांबवलीच. बसायला करंडी दिली, पेरू दिला. बायकांच्या डब्यातल्या एका एकट्या मुलीनं तर इतका निवांत प्रवास केला की ती उतरताना तिला उतरू नये असं वाटत होतं.

 कुणी बशीतला चमचा हलवला नाही. कन्हैयालालजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाईक रंग गेलेल्या कापडाकडे पाहतं. मग बक्षीमावशी उठल्या, जवळ आल्या आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप आहे याला. मालू, पाहुण्याला घरी नेऊन झोपवून दे."

मी बरा आहे म्हटलं, ताप नाही म्हटलं, कोण ऐकतो? कडू काढा आला. दोघांनी मला धरून घरी नेलं. खाट घातली, गादी घातली, पायावर रजई. गल्लीतल्या मुलांना गप्प बसवण्यात आलं. आणि अशा रीतीनं, इंदुरात आल्यावर तिसऱ्या दिवशी, ज्या गोष्टीसाठी आलो होतो ती गोष्ट मला लाभली. मी झोपलो. लाजेनं झोपलो, पण काय झोपलो. रजईच्या उबेत ढेकणांचा राजस्थान विरघळून गेला.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं आणि माधवराव खुर्ची ओढून उशाशी बसले होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, कुमुदनं पढवलं न तुम्हाला? मी रजई सावरत उठून बसलो. ते म्हणाले, राहू द्या. उद्या सकाळी आपण खजराण्याच्या गणपतीला जाऊ. दोघंच.

शुक्रवार

खजराणा गावाबाहेर आहे. शेतं मागं पडत जातात, वाटेवर हारवाले, खेळण्यांच्या पाट्या, मग देऊळ. अहिल्याबाईंच्या काळातलं. सकाळी गर्दी बेताची होती. दर्शन झालं, प्रसाद झाला. मी ओट्यावर बसायच्या बेतात होतो. माझ्या गुडघ्यांनी तसा ठरावच मांडला होता. पण माधवराव मला देवळाच्या मागच्या भिंतीशी घेऊन गेले.

त्या भिंतीवर शेंदरानं काढलेली स्वस्तिकंच स्वस्तिकं. त्यांना तिथं सातिया म्हणतात. काही सरळ, काही उलटे. माणूस काही मागायला येतो तेव्हा उलटा काढून जातो. मागितलेलं मिळालं की परत यायचं आणि सरळ काढायचा. माधवरावांनी भिंतीच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथला एक उलटा सातिया उन्हापावसानं पुसट झाला होता.

"हा माझा. वसंतासाठी."

वसंता त्यांचा थोरला. मुंबईला एका गिरणीच्या ऑफिसात लागला. जाताना म्हणाला होता, प्रत्येक दिवाळीला येईन. पहिल्या दिवाळीला रजा नव्हती. दुसऱ्या दिवाळीला बायको माहेरी होती. "आता चिठ्ठी येते. तो येत नाही." हे त्यांनी जकातनाक्यावरच्या मालाची नोंद सांगावी तसं सांगितलं. मग खिशातून शेंदराची पुडी काढली. ती त्यांनी दुकानात कधी घेतली ते मला कळलंही नव्हतं.

म्हणजे बकऱ्या नव्हत्याच, मालूताईजवळ काढलं ते नुसतं निमित्त होतं. दाढीवाला इसम नव्हता, अंधारी स्टेशनं नव्हती. मी दोन दिवस या माणसाला ज्या गोष्टींनी घाबरवत होतो, त्यांना तो घाबरलाच नव्हता. बायकांच्या डब्याची कडी विचारत होता, पण विचारायचं दुसरंच होतं.

तेही त्यांनी विचारलं. शेंदराची पुडी तशीच हातात.

"मास्तरजी, एवढे हाल होतात प्रवासात. मग दरवर्षी का निघता?"

आता हा प्रश्न मला हजारदा विचारला गेला आहे आणि माझ्याकडे त्याची पंधरा उत्तरं आहेत. सगळी गमतीची. एकही आठवलं नाही. मी इतका दमलो होतो की सोंग काढायलाही अंगात जोर नव्हता. म्हणून खरं सांगितलं. म्हटलं, हाल काही फारसे होत नाहीत. गार्डानं पेरू दिला. पण घरी परत आलो की बायको चहा ठेवते, मुलं भोवती बसतात, शेजारचे येतात, आणि मी सांगतो. त्या एका संध्याकाळसाठी मी सगळा हिंदुस्थान पालथा घालतो. सांगायला घर नसतं, तर मी स्टेशनापर्यंतसुद्धा गेलो नसतो.

 माधवरावांनी विचारलं, वसंता गेला तेव्हा त्याचं इथं कुणी काही ऐकत होतं का, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, मी कसं सांगणार? ते म्हणाले, मी सांगतो. तो मुंबईचा इंटरव्ह्यू देऊन आला, सांगायला लागला, आणि मी म्हटलं, आधी जेवून घे. नंतर विचारायचं राहूनच गेलं.

आणि त्यांनी पुडी पुन्हा खिशात घातली. भिंतीला नमस्कार केला, त्या पुसट सातियाला वेगळा केला, आणि म्हणाले, चला, टांगा उभा आहे.

टांग्यात ते काही बोलले नाहीत. मीही नाही. माझ्या ओळखीचे लोक या वाक्यावर विश्वास ठेवणार नाहीत, पण घोडा साक्षी आहे.

सहावं घर माझ्या तापात बुडालं होतं. संध्याकाळचं घर शेवटचं, सातवं, आणि कायद्याप्रमाणे ते पाहुणा उतरलेलंच घर असतं. म्हणजे माधवरावांचंच. दुसऱ्या दिवशी माझी खांडव्याची गाडी होती. सगळी गल्ली ओसरीवर दाटली. आत मालूताई गराडू तळत होती आणि कुमुद ताटं भरभरून आणत होती. माझा ताप उतरला का, याची चौकशी झाली. कन्हैयालालजींनी बकऱ्यांची फर्माईश केली. मी कुमुदकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहायचं टाळलं. सोमवारला मध्ये दोनच दिवस उरले होते. मी तोंड उघडलं, पण माधवरावांनी हात वर केला.

"मास्तरजींचं सांगून झालं. आता मे महिन्याच्या सुट्टीत कुमुद सांगेल. रायपूर कसं आहे, गाडी कुठं कुठं बदलली, सगळं. पण आधीच सांगून ठेवतो, पहिलं घर माझं. मी सगळं ऐकून घेईन, मगच बाकीच्यांचे नंबर."

नंबर लावायचा अधिकार बक्षीमावशींचा. त्यांच्या हातातून तो असा उघड उघड काढून घेणारा माणूस त्या गल्लीनं पाहिला नव्हता. मावशींनी माधवरावांना नीट न्याहाळलं. रागावतील असं वाटलं. पण त्यांनी एवढंच विचारलं, सकाळी खजराण्याला गेला होतास, पोरीसाठी सातिया काढून आलास की नाही?

"नाही," माधवराव म्हणाले. "तिच्यासाठी कशाला? ती येणारच आहे."

कुमुद माझ्यासमोरच उभी होती, दोन्ही हातांत ताट. तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. गल्ली भुकेली बसलेली, गराडू निवायला लागलेले. मग मीच उठलो आणि कण्हत कुंथत, एकेकापुढे वाकून, सगळ्या गल्लीला वाढलं.